कोतवालाचें अपील

मराठी माणसाच्या मनांत न्यायाची एकच मूर्ति ठसलेली आहे, आणि ती रामशास्त्री प्रभुण्यांची. ऑगस्ट १७७३ मध्यें शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबोवांनीं त्याची चौकशी केली आणि राघोबादादांस त्यांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, ही कथा आम्ही शाळेंत पाठ केली. १९४४ सालीं प्रभात कंपनीनें तिचा बोलपट काढला तेव्हांपासून तर ती घरोघरीं पोंचली. खून करणारे गारदी हे वाड्याच्या पहाऱ्यावरचेच लोक होते, म्हणजे ज्यांनीं राखावयाचें त्यांनींच मारलें, ही गोष्ट मात्र कथा सांगणारे ओझरती सांगतात. त्यांचें सारें लक्ष त्या एका वाक्याकडे. न्यायाधीश एक वाक्य उच्चारतो आणि प्रकरण संपतें. राघोबांस तें वाक्य मान्य नसेल तर त्यांनीं कोणाकडे जावयाचें, हा प्रश्न आमच्या बालमनास कधीं सुचला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आमच्या प्रौढ समीक्षेसही तो सुचलेला दिसत नाहीं.

रामशास्त्री १७८९ सालीं वारले. पुढें दोनच वर्षांनीं पुण्यांत जें घडलें तें या चित्राची दुसरी बाजू होय. घाशीराम सावळदास हा १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. ऑगस्ट १७९१ मध्यें त्याच्या माणसांनीं तेलंगी ब्राह्मणांस पकडून एका कोंदट जागेंत कोंडून घातलें, आणि दार उघडलें तेव्हां त्यांतील बरेचसे गुदमरून मेलेले होते. शहर खवळलें; नाना फडणविसांच्या दाराशीं जमाव लोटला; आणि महिन्याच्या अखेरीस कोतवालास जमावाच्या हवालीं करण्यांत येऊन दगडांनीं ठेचून मारण्यांत आलें. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर हें कोठडींतील मृत्यूचें प्रकरण होतें, आणि आरोपी हा पोलीस अधिकारी होता. परंतु त्यांत आरोपपत्र नाहीं, उलटतपासणी नाहीं, निकालपत्र नाहीं. तो त्या रात्रीं स्वतः कोठें होता, कोंडण्याचा हुकूम कोणी दिला, किल्ली कोणाजवळ होती, या गोष्टी घाशीरामाच्या मुखांतून ऐकण्याची कोणास गरज वाटली नाहीं. त्या त्याच्याबरोबरच नाहींशा झाल्या.

या विषयाकडे मराठी लेखक वारंवार वळला आहे. मोरोबा कान्होबांनीं १८६३ सालीं ‘घाशीराम कोतवाल’ या नांवाचें पुस्तक लिहिलें. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं, १६ डिसेंबर १९७२ रोजीं, पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननें जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखालीं विजय तेंडुलकरांचें त्याच नांवाचें नाटक रंगभूमीवर आणलें. त्या नाटकावर झालेला गदारोळ वाचकांस ठाऊकच आहे; नानांची बदनामी झाली कीं नाहीं या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. तेंडुलकरांनीं सत्ता आपलें हत्यार कसें घडविते आणि काम झाल्यावर कसें फेंकून देते हें असामान्य ताकदीनें दाखविलें. पण त्या दाखविण्याच्या भरांत कायदा नांवाची वस्तु रंगमंचावर आलीच नाहीं. नाना कागदावर सही करतात, जमाव दगड उचलतो, कोतवाल मरतो, आणि नाना उत्सवाची आज्ञा देतात. इतिहासाशीं हें विसंगत नाहीं. परंतु प्रेक्षक घरीं जातो तो काय घेऊन? राज्यकर्त्यांविषयीं तिटकारा घेऊन जातो, हें चांगलेंच. पण कोतवालास जें मिळावयास हवें होतें आणि मिळालें नाहीं, त्याची चुटपुट मात्र त्याच्या मनास लागत नाहीं. घाशीरामासारख्याची बाजू ऐकून घ्यावी, ही कल्पनाच त्यास चमत्कारिक वाटते.

आतां तेंडुलकरांच्याच हातची दुसरी कृति घेऊं. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून त्यांनीं पटकथा लिहिली, आणि गोविंद निहलानींनीं १९८३ सालीं ‘अर्धसत्य’ हा चित्रपट काढला. हिंदी असला तरी त्याची नाळ मराठी कथेशीं आहे, आणि आम्हां नगरकरांस तो एका खाजगी कारणानेंही जवळचा वाटतो: त्यांतील रामा शेट्टी हा अट्टल गुंड आमच्या सदाशिव अमरापूरकरांनीं उभा केला. फौजदार अनंत वेलणकर हा सरळ माणूस. गुंडास हात लावूं म्हणतो तों वरून फोन येतो. त्या कोंडीचा संताप तो एका भुरट्या चोरावर काढतो, आणि तो चोर कोठडींत त्याच्या मारानें मरतो. निलंबनांतून वांचण्यासाठीं वेलणकरास रामा शेट्टीच्याच दारीं जावें लागतें. तेथें त्याचा गळा दाबून तो त्यास ठार करतो आणि ठाण्यावर येऊन हजर होतो. चित्रपट संपतो.

मागें एकदां आम्हीं हा चित्रपट पदव्युत्तर वर्गास दाखविला. रामा शेट्टी मेला तेव्हां वर्गांत टाळ्या पडल्या. दिवे लागल्यावर आम्हीं विचारलें, या फौजदारानें किती खून केले? बहुतेकांनीं एक सांगितला. मागच्या बांकावरच्या एका मुलीनें मात्र हळूच दोन म्हटलें, आणि मग सगळे थोडे ओशाळले. चोराचा मृत्यु कोणाच्या लेखीं खून नव्हताच! यांत विद्यार्थ्यांस काय दोष द्यावा. दिग्दर्शकानेंही त्या चोरास नांवापुरतेंच ठेवलें आहे. जो पडद्यावर दहा मिनिटें बोलला त्याचा खून मोजला जातो, जो दोन मिनिटें ओरडला त्याचा मोजला जात नाहीं.

तात्पर्य, आमचें वाङ्मय, आमची रंगभूमि आणि आमचे चित्रपट गुन्हेगार पोलिसाकडे दोनच दृष्टींनीं पाहतात. एक तर तो घाशीराम, म्हणजे ठेचण्याजोगा. नाहीं तर तो वेलणकर, म्हणजे कळवळण्याजोगा. पुढें ‘अब तक छप्पन’सारख्या चित्रपटांनीं तिसरी दृष्टि आणली, ती पूजेची, तिच्याविषयीं न बोलणेंच बरें. पण तिन्ही दृष्टि न्यायालयाच्या दाराशीं येऊन थांबतात. आंत काय होतें, आणि त्याहूनही, पहिल्या न्यायालयाचा निकाल लागल्यावर वरच्या न्यायालयांत काय होतें, हें सांगण्याचें धाडस कोणी केलेलें आम्हांस दिसत नाहीं. कारण उघड आहे. अपिलांत नाट्य नसतें. साक्षीदार पुन्हां उभे राहत नाहींत, कोणी रडत नाहीं, कोणी मूर्च्छित पडत नाहीं. दोन न्यायमूर्ति आणि त्यांच्यापुढें छापील साक्षींचे गठ्ठे. जें खालच्या न्यायाधीशानें डोळ्यांनीं पाहिलें, तें येथें कागदावर वाचावयाचें. म्हणजे समीक्षकाचें जें काम तेंच हें काम: दुसऱ्यानें एकदां केलेल्या वाचनाचें पुन्हां वाचन. आणि म्हणूनच आम्हांस वाटतें कीं, समीक्षकानें तरी त्याकडे पाठ फिरवूं नये.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. ११ नोव्हेंबर २००६ रोजीं रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया यास नवी मुंबईच्या वाशी भागांतून, बरोबरच्या एका मित्रासह, उचलून नेण्यांत आलें. आणि त्याच संध्याकाळीं मुंबईंत वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ तो पोलिसांच्या गोळ्यांनीं मेला. पोलिसांच्या दप्तरीं ती चकमक होती. पण मृताचा भाऊ वकील होता, आणि भावास उचलल्याचें कळतांच त्यानें वरिष्ठ अधिकाऱ्यांस तारा केल्या होत्या. तारेवर वेळ छापली जाते. ज्या माणसाशीं पोलिसांची अवचित गांठ पडून चकमक झाली, त्यास पोलिसांनीं पकडलें आहे अशी तार चकमकीपूर्वींच गेलेली असावी, ही गोष्ट कोणत्याही गोष्टकारास सुचली नसती. तार खातें आतां बंद झालें. त्या खात्याच्या इतिहासांत या तारांची नोंद कोणीतरी करावी.

भाऊ उच्च न्यायालयांत गेला. न्यायालयानें दंडाधिकाऱ्याकडून चौकशी करविली. तींत हा मृत्यु पोलिसांच्या ताब्यांतील असल्याचा निष्कर्ष निघाला. २००९ मध्यें विशेष तपास पथक नेमलें गेलें. २०११ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें आरोपी पोलिसांचा जामीन रद्द ठरवितांना, बनावट चकमकींत माणूस मारणाऱ्या पोलिसास फांशीच दिली पाहिजे, अशा आशयाचे अत्यंत कडक उद्गार काढले. त्याच सालीं मार्चमध्यें, लखनभैयाबरोबर उचलला गेलेला तो मित्र, म्हणजे एकमेव प्रत्यक्षदर्शी, साक्षीस कांहीं दिवस उरले असतां नाहींसा झाला आणि पुढें त्याचा जळालेला देह सांपडला. जुलै २०१३ मध्यें मुंबईच्या सत्र न्यायालयानें एकवीस जणांस दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्यांत तेरा पोलीस होते. पथकाचे प्रमुख, प्रसिद्ध अधिकारी प्रदीप शर्मा, हे मात्र निर्दोष सुटले. (हे शर्मा १९८३ च्या तुकडीचे. ‘अर्धसत्य’ ज्या सालीं पडद्यावर आला त्याच सालीं फौजदारांची ती गाजलेली तुकडी खात्यांत आली, हा योगायोग आम्हीं केवळ नोंदवून ठेवतों.)

येथें आमच्या नाटककारांनीं पडदा पाडला असता. पण खरी कथा येथून सुरू होते. दोषी ठरलेल्यांनीं उच्च न्यायालयांत अपील केलें. शर्मा सुटल्याविरुद्ध सरकारनें केलें, आणि मृताच्या भावानेंही केलें. मध्येंच डिसेंबर २०१५ मध्यें राज्य सरकारनें अकरा पोलिसांची शिक्षा तहकूब करून त्यांस बाहेर सोडलें. म्हणजे ज्या सरकारनें खटला चालविला त्याच सरकारनें शिक्षेस खीळ घातली. २०१९ मध्यें उच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द केला. दोषी ठरलेल्यांपैकीं दोघे, एक पोलीस निरीक्षक आणि एक खाजगी इसम, अपिलाचा निकाल लागण्यापूर्वींच वारले. शेवटीं १९ मार्च २०२४ रोजीं न्यायमूर्ति रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ति गौरी गोडसे यांनीं निकाल दिला. बारा पोलीस आणि एक खाजगी इसम यांची शिक्षा कायम झाली. सहा खाजगी इसम सुटले. आणि शर्मांची सुटका विपर्यस्त ठरवून त्यांस जन्मठेप देण्यांत आली. प्रत्यक्षदर्शीच्या खुनाचा छडा लागलेला नाहीं याबद्दल न्यायमूर्तींनीं खेद आणि संताप दोन्ही व्यक्त केले.

या एका निकालांत किती उलटसुलट हालचाल आहे ती पाहा. त्याच दोन न्यायमूर्तींनीं, तेच कागद वाचून, अकरा वर्षांपूर्वीं दोषी ठरलेल्या सहा जणांस निर्दोष म्हटलें आणि निर्दोष ठरलेल्या एकास दोषी. तेव्हां अपील म्हणजे गुन्हेगारांची पळवाट, ही जी समजूत आमच्या दिवाणखान्यांतून ऐकूं येते, ती कितपत खरी आहे? अपिलाचें दार दोन्ही बाजूंनीं उघडतें. त्या सहा जणांच्या आयुष्यांतील वर्षें परत येत नाहींत. पण खालच्या न्यायालयाचें एक वाक्य हेंच शेवटचें असतें, तर त्यांचें नांवही परत आलें नसतें.

‘विपर्यस्त’ हा शब्द न्यायमूर्तींनीं रागाच्या भरांत वापरला असें मात्र कोणी समजूं नये. सुटका उलटविणें हें शिक्षा कायम करण्याहून कठीण असतें, आणि तें तसें असलेंच पाहिजे. १९३४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें शिवस्वरूप प्रकरणांत सांगितलें कीं, वरिष्ठ न्यायालयास सारा पुरावा नव्यानें तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण साक्षीदारास समोर पाहिलेल्या न्यायाधीशाच्या मताचें वजन त्यानें मानावें, आणि सुटकेनें आरोपीचें निर्दोषत्व अधिकच दृढ झालें आहे हें विसरूं नये. २००७ सालीं चंद्रप्पा प्रकरणांत आमच्या सर्वोच्च न्यायालयानें तेंच पुन्हां मांडलें: एकाच पुराव्यावरून दोन मतें संभवत असतील, तर सुटकेचें मत ढळवूं नये. दुसऱ्या बाजूस १९७३ सालचें शिवाजी साहेबराव बोबडे यांचें महाराष्ट्रांतीलच प्रकरण आहे. त्यांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं, संशयाच्या फायद्याचें इतकेंही स्तोम माजवूं नये कीं दोषी सर्रास सुटावेत, असें बजाविलें. आणि त्याच निकालांत ‘असूं शकतें’ आणि ‘असलेंच पाहिजे’ यांमधील अंतर केवढें आहे तेंही सांगितलें. साहित्याच्या प्राध्यापकास याहून सूक्ष्म वाचनशास्त्र कोणत्या ग्रंथांत सांपडेल, आम्हांस ठाऊक नाहीं. आमच्या टीकाकारांपैकीं किती जण ‘असूं शकतें’ या पायरीवर उभे राहून ‘असलेंच पाहिजे’ म्हणून मोकळे होतात!

आणखी एक बारकावा. उच्च न्यायालयानें ज्यांची शिक्षा नुसती कायम केली, त्यांस सर्वोच्च न्यायालयांत जावयाचें तर विशेष अनुमति मागावी लागते. पण जो खालीं सुटला आणि वर प्रथमच जन्मठेपेस पात्र ठरला, त्यास तेथें अपील करण्याचा हक्कच असतो. कारण त्यास दोषी म्हणणारें न्यायालय आजवर एकच झालें. शर्मांनीं सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली, आणि एप्रिल २०२४ मध्यें त्या न्यायालयानें त्यांस तूर्त शरण जाण्यापासून सूट दिली. ज्यानें भाऊ गमावला त्यास हें ऐकून काय वाटलें असेल, याची कल्पना करवत नाहीं. तरीही नियम चूक आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

इंग्रजी नाटकांत या प्रश्नास भिडणारें एक नाटक आहे, शेक्सपिअरचें ‘मेझर फॉर मेझर’. हरिभाऊ आपट्यांनीं त्यावरून ‘सुमतिविजय’ रचलें. अँजेलो हा नगराचा अधिकारी. तो इसाबेलाच्या भावास देहान्त सांगतो, तिच्याकडून भलतीच किंमत मागतो, आणि किंमत मिळाली असें समजूनही शिरच्छेदाचा हुकूम देतो. ड्यूक परत येऊन त्यास मृत्यूची शिक्षा सांगतो. त्या क्षणीं, भाऊ मेला अशीच समजूत असलेली इसाबेला गुडघे टेकून अँजेलोच्याच जीवासाठीं रदबदली करते. आम्हीं हें नाटक अनेक वर्षें शिकविलें, आणि हा प्रसंग अस्वाभाविक आहे असें विद्यार्थ्यांस सांगत आलों. आज तसें सांगवत नाहीं. इसाबेलाचें बोलणें नीट वाचलें तर ती दयेची भीक मागत नाहीं. कृति आणि हेतु यांत फरक करा, असा ती युक्तिवाद करते. तें अपीलच आहे. अर्थात् आमच्या या प्रकरणांतील भाऊ इसाबेला नव्हे, आणि त्यानें तसें व्हावें असें सुचविण्याचा कोणास अधिकारही नाहीं. त्यानें उलट दिशेनें, पण त्याच वाटेनें, सतरा वर्षें चालत राहून दाखविलें. हातांत दगड न घेतां!

आमच्या एका मित्राचा आक्षेप असा कीं, सामान्य माणसास गोळी घालणाऱ्या पोलिसास इतकीं दारें कशास? त्यानें ज्यास मारलें त्यास एक तरी दार मिळालें होतें काय? आक्षेप तिखट आहे, आणि त्यांत न्यायबुद्धिही आहे. पण त्याचें उत्तर आमच्याच गांवीं उभें आहे. नगरच्या किल्ल्यांत १९४२ ते १९४५ पर्यंत जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल आदि पुढाऱ्यांस डांबून ठेवलें होतें, तें कोणत्याही खटल्यावांचून. आरोप नाहीं, म्हणून निकाल नाहीं; निकाल नाहीं, म्हणून अपील नाहीं. त्या खोल्या पाहावयास आम्ही पाहुण्यांस घेऊन जातों, तेव्हां ग्रंथ तेथें लिहिला गेला एवढेंच सांगतों. अपिलावांचून माणूस ठेवण्याची ती जागा होती हें सांगावयास विसरतों. चकमकींत मारलेला माणूस हा त्याच वर्गांतला होय. त्याचें अपील चुलींत घातलें गेलें म्हणून दुसऱ्याचेंही घालावें, हा हिशेब घाशीरामाच्या पुण्याचा आहे.

अपिलास मर्यादा आहेत, आणि त्या आम्हीं झांकून ठेवीत नाहीं. वरचें न्यायालय कागद वाचतें. कागदावर कांहीं उतरलेंच नसेल तर तें काय वाचणार? आमच्या जिल्ह्यांत जामखेड तालुक्यांतील खर्ड्यास २०१४ सालीं एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. नगरच्या सत्र न्यायालयांत साक्षीदार एकामागून एक फितूर झाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्यें आरोपी सुटले. अशा निकालाचें अपील येथून औरंगाबाद खंडपीठाकडे जावयाचें. पण गठ्ठ्यांत जातें काय, तर ‘मला माहीत नाहीं’ या तीन शब्दांचीं पानेंच्या पानें. वर्सोव्याच्या प्रकरणांत एक साक्षीदार जाळला गेला, खर्ड्याच्या प्रकरणांत अनेक जण मूक झाले. न्यायमूर्ति कितीही चांगले वाचक असोत, कोऱ्या कागदाचें वाचन त्यांस येत नाहीं.

शिवाय तो निकाल इंग्रजींत असतो. आठशेंहून अधिक पानांचें तें निकालपत्र मृताच्या घरच्यांनीं आणि शिक्षा झालेल्या शिपायांच्या घरच्यांनीं कसें वाचलें असेल? वकिलानें शेवटचें पान उलगडून सांगितलें असेल, तेवढेंच. ज्या कारणांसाठीं आपला नवरा आंत राहिला तीं कारणें त्या बाईस आपल्या भाषेंत वाचतां येऊं नयेत, ही उणीव कादंबरीकारानें भरून काढण्याजोगी आहे. कायद्यांत एक तरतूद आहे: अपील चालू असतां दोषी ठरलेला माणूस वारला, तर तीस दिवसांच्या आंत त्याचे जवळचे नातलग अनुमति घेऊन तें अपील पुढें चालवूं शकतात. मेलेल्या माणसास तुरुंगांतून सोडविण्यासाठीं नव्हे. त्याच्या नांवापुढचा एक शब्द खोडण्यासाठीं. शिक्षा झालेल्या एखाद्या हवालदाराची विधवा, सुतक फिटलें न फिटलें तों वकिलाच्या पायऱ्या चढते, आणि नवऱ्यानें गोळी झाडली होती कीं नाहीं हें तिला स्वतःसही ठाऊक नाहीं. या एका परिस्थितींत जें आहे तें आमच्या दहा नाटकांत नाहीं.

जातां जातां पुन्हां वेलणकराकडे येऊं. चित्रपटाच्या शेवटीं तो ठाण्यावर येऊन खून केल्याचें सांगतो, आणि आमचा ऊर भरून येतो. पण १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें पंचविसावें कलम काय म्हणत होतें? पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेंही हा नियम ठेवला आहे. म्हणजे त्या अमर दृश्यांतलें तें वाक्य न्यायालयांत पोंचणारच नाहीं! सरकारी वकिलास रामा शेट्टीच्या घरांतले लोक साक्षीस आणावे लागतील, आणि ते गुंडाचेच लोक; त्यांची उलटतपासणी वेलणकराचा वकील कशी घेईल तें आम्हांस आतांच दिसूं लागलें आहे. रामा शेट्टीच्या बाजूनें अपील करावयास पैसेवाले पुष्कळ निघतील. कोठडींत मेलेल्या त्या चोराचा खटला कोण उभा करील, त्याचा कोणी भाऊ वकील होता काय, हें पानवलकर आणि तेंडुलकर दोघेही सांगत नाहींत.